पाणी घालूनही ऑर्किडची पानं पुन्हा पुन्हा लुळी पडत असतील तर

ऑर्किडची पानं मऊ पडतात, त्यांच्यावर लांबीच्या दिशेने सुरकुत्या येतात, खालची पानं कुंडीच्या काठावरून लोंबायला लागतात. तहान लागली असेल म्हणून पाणी वाढवलं जातं, तर पानं आणखी लुळी पडतात. मग कुंडी बदलली जाते, काही आठवडे बरे जातात आणि पुन्हा तेच. घरात ऑर्किड ठेवणारे कितीतरी जण या फेऱ्यात अडकतात आणि "आपल्याला ऑर्किड जमत नाही" म्हणून नाद सोडतात. खरं तर जमतं. फेरा कुठे तोडायचा तेवढं कळायला हवं.

घरांत सगळ्यात जास्त दिसतं ते फॅलेनॉप्सिस, म्हणजे रुंद जाड पानांचं, लांब दांड्यावर ओळीने फुलं धरणारं ऑर्किड. पुढचं बहुतेक सगळं त्याच्याबद्दल आहे. दुसऱ्या जातीचं वेगळं असेल तिथे तसं सांगते.

लुळं पान काय सांगतं आणि काय सांगत नाही

पान लुळं पडलं याचा अर्थ पानापर्यंत पाणी पोचत नाही, एवढाच. कुंडी कोरडी आहे म्हणून पोचत नाही, की कुंडी ओली असून मुळंच कुजली म्हणून पोचत नाही, हे पानाकडे बघून कळत नाही. दोन्ही वेळी पान सारखंच दिसतं, उपाय मात्र एकमेकांच्या अगदी उलट. म्हणून पाण्याच्या भांड्याला हात लावायच्या आधी मुळं बघायची. ऑर्किडच्या निगेतल्या बाकी कुठल्याही नियमाला अपवाद सापडेल, याला नाही.

फॅलेनॉप्सिस हे मातीतलं झाड नव्हेच. आशियातल्या उष्ण, दमट जंगलांत ते दुसऱ्या झाडांच्या खोडाफांद्यांना धरून वाढतं. मुळं उघडी असतात, पावसात चिंब भिजतात आणि वाऱ्यावर सुकतात. मुळाभोवती मेलेल्या पेशींचं एक जाड वेष्टन असतं, त्याला वेलामेन म्हणतात. ते स्पंजासारखं पाणी ओढून घेतं आणि आतल्या जिवंत भागाला पुरवतं. वेष्टन कोरडं असतं तेव्हा त्यात हवा भरलेली असते, म्हणून मूळ चंदेरी दिसतं. भिजलं की वेष्टन पारदर्शक होतं आणि आतला हिरवा रंग दिसायला लागतो. हेच वेष्टन दिवसेंदिवस ओलं राहिलं आणि आजूबाजूला हवा खेळत नसली, की आतला जिवंत भाग गुदमरतो. बुरशी आणि जिवाणू बहुतेक वेळा त्यानंतर येतात. नुसतं बुरशीनाशक ओतून हा प्रश्न सुटत नाही तो याचमुळे. कारण जागेवरच असतं, औषध फक्त त्याच्या परिणामावर पडतं.

दुसरी गोष्ट उशिराची. कॅटलिया, ऑन्सिडियम, बरीचशी डेंड्रोबियम यांना फुगीर, कंदासारखी खोडं असतात आणि त्यांत पाणी साठतं. फॅलेनॉप्सिसकडे तसला साठा नाही. त्याचं पाणी जाड पानांत आणि मुळांत. शिवाय त्याच्या पानांवरची छिद्रं मुख्यतः रात्री उघडतात, त्यामुळे दिवसाच्या उन्हात पान फार पाणी गमावत नाही. म्हणजे मुळं गेली तरी पान आपल्या साठ्यावर बरेच दिवस तग धरतं. पान सुरकुतलेलं दिसतं तेव्हा खालचा बिघाड कित्येक आठवडे जुना असू शकतो. कालपरवा पाणी चुकलं होतं का, हे आठवत बसण्यात म्हणूनच अर्थ नसतो.

कुंडीतून काढून बघायचं

मुळं कुंडीला चिकटलेली असतात, ओढली की तुटतात. कुंडी दहा मिनिटं पाण्यात ठेवली की ती लवचिक होतात. प्लॅस्टिकची कुंडी असेल तर बाजूंनी हलकेच दाबायची, झाड पानांनी न धरता बुडाशी धरायचं आणि कुंडी खाली ओढायची. फूल असलं तरी हे करायला हरकत नाही. फुलं वाचवण्यासाठी कुजकी मुळं महिनाभर तशीच ठेवली तर फुलंही जातात आणि झाडही.

आता एकेक मूळ दोन बोटांत धरून दाबा. रंगावर फार विसंबू नका. कुंडीच्या आत उजेड न मिळालेलं मूळ फिकट पिवळं किंवा तपकिरी असूनही ठणठणीत असू शकतं, आणि कुंडीत भरलेल्या बार्कचा, म्हणजे झाडाच्या सालीच्या तुकड्यांचा, रंगही मुळांना लागतो. बोटांना ते टणक लागलं तर जिवंत. दाबल्यावर पाणी सुटलं, वेष्टन हातात आलं आणि आत नुसता एक बारीक, चिवट दोरा उरला, तर ते ओलाव्याने गेलं. मूळ चपटं, कागदासारखं, पोकळ असेल आणि दाबल्यावर कुरकुरत असेल, तर ते कोरडेपणाने गेलं. कुंडीत जास्त करून कुठलं सापडतं त्यावरून तुमचं निदान ठरतं. घरांमध्ये बहुतेक वेळा पहिलंच सापडतं. काही कुंड्यांत दोन्ही असतात, मध्यभागी कुजलेली आणि बाहेर वाळलेली. हे चित्र दिसलं तर पुढचा भाग नीट वाचा.

वास घ्या. चांगल्या माध्यमाला, म्हणजे मुळांभोवती कुंडीत जे भरलेलं असतं त्याला, ओल्या लाकडाचा वास असतो, कुजक्याला आंबट. बार्कचे तुकडे चिमटीत दाबून बघा. कडक असायला हवेत. चुरा होत असेल तर त्याचं आयुष्य संपलं. बार्क साधारण एक ते दोन वर्षं टिकतो, मॉस, म्हणजे सुकवलेलं शेवाळ, त्याहून लवकर आंबतं. कुंडीभोवती बारीक काळ्या माश्या घोंगावत असतील तर माध्यम सतत ओलं आहे आणि कुजायला लागलं आहे, असं धरून चालायला हरकत नाही.

मधला गोळा

कुंडी बदलूनही त्रास परत येतो, त्याचं मला सगळ्यात जास्त वेळा दिसणारं कारण हे.

रोपवाटिकेत ऑर्किडची पिल्लं छोट्याशा साच्यात, मॉसच्या किंवा नारळाच्या भुशाच्या गोळ्यात वाढवतात. रोप मोठं झालं की तो गोळा तसाच ठेवून भोवती बार्क भरतात. रोपवाटिकेतली हवा, उजेड आणि पाणी सगळं मोजूनमापून असतं, तिथे त्याने काही बिघडत नाही. घरात आल्यावर मात्र बाहेरचा बार्क दोन-तीन दिवसांत सुकतो आणि मधला गोळा दहा-दहा दिवस ओला राहतो. वरून बघणाऱ्याला कुंडी कोरडी दिसते, तो पाणी घालतो. गोळा कधी सुकतच नाही. खोडाचं बूड आणि सगळ्यात जुनी मुळं त्याच गोळ्यात असतात, आणि कूज तिथूनच सुरू होते.

कुंडी बदलताना बाहेरचा बार्क सहज गळून पडतो आणि गोळा मुळांच्या जाळ्यात तसाच राहतो. मुळं दुखावतील या भीतीने कुणी त्याला हात लावत नाही. नवीन बार्क, नवीन कुंडी, आत मात्र तोच गोळा. मग महिन्या-दोन महिन्यांनी पानं परत लुळी. काही वेळा गोळ्याभोवती जाळीचं कापड किंवा प्लॅस्टिकची छोटी टोपलीही असते, ती कात्रीने तुकडे करून काढावी लागते. गोळा कोमट पाण्यात भिजवा आणि चिमट्याने किंवा उदबत्तीच्या काडीने थोडा थोडा उकलत जा. घाई करू नका. एखाद-दुसरं मूळ तुटलं तरी चालेल, गोळा ठेवणं त्याहून महागात पडतं.

कापणं आणि परत लावणं

मेलेली मुळं टणक भागापर्यंत कापा. दोरा उरला असेल आणि झाड कुंडीत डगमगत असेल तर असे दोन-तीन दोरे आधाराला ठेवले तरी चालतात. कात्री प्रत्येक झाडानंतर ज्योतीवर तापवा किंवा दर झाडाला नवं ब्लेड वापरा. सिम्बिडियम मोझॅक आणि ओडोन्टोग्लॉसम रिंगस्पॉट हे ऑर्किडमध्ये सर्रास आढळणारे दोन विषाणू हत्यारांना लागलेल्या रसातून पसरतात आणि त्यांच्यावर इलाज नाही. नुसतं स्पिरिटने पुसणं त्यांच्यासाठी भरवशाचं नाही.

कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावायचा सल्ला सगळीकडे मिळतो. पानाच्या किंवा खोडाच्या जखमेवर ती ठीक आहे. मुळांवर भुरभुरू नका, ती ओलावा ओढते आणि चांगली मुळंही वाळवते. हायड्रोजन पेरॉक्साइडही नको, जिवंत पेशींना तेही सोसत नाही. स्वच्छ पाणी आणि सावलीत एक दिवस उघडी सुकलेली मुळं, एवढं पुरेसं असतं.

कुंडीचा आकार उरलेल्या मुळांवरून ठरवा, पानांवरून नाही. हे मनाला पटायला जड जातं, कारण हातभर पसारा असलेलं झाड चहाच्या पेल्याएवढ्या कुंडीत विचित्र दिसतं. पण मोठ्या कुंडीत मुळं नसलेला भाग पाणी धरून बसतो आणि त्याला प्यायला कुणी नसतं. बाजूंनाही भोकं असलेली पारदर्शक कुंडी घेतली तर पुढे मुळं रोज बघता येतात. ऑर्किडवर खर्च करायचाच असेल तर खतांच्या बाटल्यांपेक्षा मी तो या कुंडीवर करीन.

भरायला एक-दोन सेंटिमीटरचे बार्कचे तुकडे आणि थोडा लाकडी कोळसा. हवा कोरडी असेल तर मूठभर मॉस मिसळा, दमट असेल तर ते टाळा. नवा बार्क रात्रभर भिजवून घ्यावा, नाहीतर सुरुवातीला पाणी त्याच्यावरून नुसतं ओघळून जातं. नारळाच्या शेंड्यांचे तुकडे वापरणार असाल तर त्यांत मीठ असू शकतं, पाणी बदलून बदलून दोन-तीनदा भिजवा. झाड आधी होतं त्यापेक्षा खोल बसवू नका, सर्वांत खालच्या पानाचं बूड माध्यमाच्या वर राहायला हवं. आणि झाड हलता कामा नये. डगमगणाऱ्या झाडाची नवी मुळं टोकाशीच घासून मरतात. काठी लावून बांधा किंवा कुंडीला क्लिप लावा.

यानंतरचं पाणी

कुंडी बदलल्यावर जुनं वेळापत्रक चालवणं, हे त्रास परत येण्याचं दुसरं कारण. जुना कुजका बार्क आठवडाभर ओला राहत होता, नवा तीन दिवसांत सुकेल. मॉस असेल तर उलट. "दर रविवारी" किंवा "आठवड्याला तीन बर्फाचे खडे" हे हिशेब झाडाला ठाऊक नसतात. कुंडी पारदर्शक असेल तर आतली मुळं चंदेरी झाली आणि कुंडीच्या भिंतीवरचे पाण्याचे थेंब गेले की पाणी. कुंडी अपारदर्शक असेल तर लाकडी काडी मध्यापर्यंत खोचून ठेवा. काढल्यावर ती गार, ओलसर लागली तर थांबा. पाणी घातल्यावर आणि सुकल्यावर कुंडी उचलून बघण्याची सवय लागली की पुढे काडीही लागत नाही.

पाणी द्यायचं तेव्हा मात्र पोटभर. घोटभर पाण्याने वेलामेन पुरतं भिजत नाही. कुंडी दहा-पंधरा मिनिटं पाण्यात बुडवा, पूर्ण निथळू द्या, मगच शोभेच्या बाहेरच्या कुंडीत ठेवा. त्या बाहेरच्या कुंडीच्या तळाशी अर्धा इंच पाणी साचून राहिलं तर वरची सगळी मेहनत फुकट. सकाळी पाणी द्या. पानांच्या मधोमध, कोंबात पाणी साचलं तर कागदाने टिपून घ्या. फॅलेनॉप्सिसला वाढीचा कोंब एकच असतो. तो कुजला की झाड वर वाढू शकत नाही, बुडाशी पिल्लू फुटलं तरच पुढचा मार्ग.

पाण्याचा वेग उजेडावरही ठरतो, हे बहुतेक जण विसरतात. अंधाऱ्या कोपऱ्यातलं झाड कमी पाणी वापरतं, कुंडी जास्त दिवस ओली राहते आणि मुळं पुन्हा त्याच वाटेने जातात. फॅलेनॉप्सिसला साधारण दहा ते पंधरा हजार लक्स उजेड मानवतो. मोजायचं साधन नसेल तर पानांच्या वर फूटभर हात धरा. सावली दिसली पाहिजे, पण तिच्या कडा पुसट हव्यात. अगदी गडद हिरवी पानं उजेड कमी असल्याचं सांगतात, तांबूस झाक जास्त असल्याचं. एसीचा किंवा पंख्याचा थेट झोत नको, पण खोलीत हवा हलती हवी.

मुळं कोरडेपणाने गेली असतील तर एकदम पाण्यात ठेवून भरपाई होत नाही. पहिले काही दिवस रोज थोडा वेळ बुडवा, मग नेहमीवर या.

मुळांची टोकं काळी पडत असतील आणि माध्यमावर पांढरा थर दिसत असेल तर दोष क्षारांचा. जड पाणी किंवा जास्त खत. खत पाकिटावरच्या मात्रेच्या पाव भागानेच द्या, तेही मुळं ओली असताना. महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने कुंडी भरपूर धुवून काढा. पावसाचं पाणी सगळ्यात चांगलं. मिठाच्या यंत्रातून मृदू केलेलं पाणी वापरू नका, त्यात सोडियम असतं. आजारी, मुळं नसलेल्या झाडाला खत अजिबात नको.

मुळं ठीक निघाली तर

मग पानांच्या बेचक्यांत बघा. पिठ्या ढेकूण कापसाच्या पुंजक्यांसारखे खोडालगतच्या सुक्या आवरणाखाली दडून बसतात आणि रस शोषतात. कधी कधी ते मुळांवरही असतात. खवले कीड पानाच्या मागे, शिरेलगत, तपकिरी टिकल्यांसारखी असते, नखाने निघते. पानाची खालची बाजू चंदेरी, खरखरीत वाटली तर कोळी कीड. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसा आणि आठवड्याच्या अंतराने तीन-चारदा पुन्हा बघा, कारण अंडी एका पुसण्यात जात नाहीत. एकटं सगळ्यात खालचं पान पिवळं होऊन गळत असेल आणि बाकी झाड टवटवीत असेल तर ते म्हातारपण, त्याला उपाय करायला जाऊ नका. ऑन्सिडियमच्या नव्या पानाला पंख्याच्या घड्यांसारख्या आडव्या चुण्या पडल्या असतील, तर पान वाढत असताना ओलावा कमी पडला होता. त्या चुण्या आता जाणार नाहीत, पुढचं पान सरळ येतं का ते बघा.

एकही मूळ उरलं नसेल तर

कोंब टणक आणि हिरवा असेल तर झाड अजून गेलेलं नाही. ओलं करून घट्ट पिळलेलं मॉस पारदर्शक पिशवीच्या किंवा डब्याच्या तळाशी पसरा. झाड त्यावर ठेवा, पण खोडाचं बूड मॉसमध्ये रुतवू नका, पानं मॉसला टेकू देऊ नका. तोंड बंद करून उजेडात, पण थेट उन्हापासून दूर ठेवा. बंद पिशवीवर ऊन पडलं तर झाड अक्षरशः शिजतं. पंचवीस अंशांच्या आसपासची ऊब हवी, थंडीत मुळं फुटत नाहीत. दोन-चार दिवसांनी पिशवी उघडून हवा बदला आणि बुरशी दिसते का बघा. आत हवा दमट असल्याने पानं पाणी गमावत नाहीत आणि झाडाला मुळं फोडायला उसंत मिळते. याला आठवडे लागतात, कधी महिने. नवी मुळं दोन-तीन सेंटिमीटर झाली की छोट्या कुंडीत लावा आणि बाहेरच्या हवेची सवय हळूहळू करा.

सुधारतंय हे कशावरून ओळखायचं

जुन्या पानांवरून नाही. फार सुरकुतलेलं पान मुळं नवी आल्यावरही पूर्वीसारखं भरेलच असं नाही. ते लुळंच दिसतं म्हणून पुन्हा कुंडी उपसून बघणं हे त्रास परत येण्याचं तिसरं कारण, आणि त्यात सगळ्यात जास्त झाडं जातात, कारण प्रत्येक उपसण्यात नुकती फुटलेली टोकं मोडतात. ती हिरवी किंवा लालसर, ओलसर चमकणारी टोकं खोडाच्या बुडाशी दिसली की झाड सावरलं समजा. त्यानंतर येणारं पान आधीच्या पानापेक्षा लहान असेल तरी चालेल, त्याच्या पुढचं मोठं यायला हवं. लुळी असली तरी हिरवी पानं कापू नका, मुळं फोडायला लागणारा साठा त्यांच्यातच आहे.

अशा अशक्त झाडाला मध्येच फुलांचा दांडा फुटतो. मोह होतो, पण दोन-तीन सेंटिमीटरचा असतानाच तो मोडून टाका. चार चांगली टणक मुळं आणि एक नवं पूर्ण वाढलेलं पान होईपर्यंत मी एकही दांडा ठेवत नाही.